स्वयंपाकघरातील जयणा

गेल्या पर्युषणातील गोष्ट. व्याख्यान संपले आणि प्रभावना वाटली गेली. माझा साडेतीन वर्षांचा नातू मांडीवर बसला होता. त्याला दुधाची ॲलर्जी आहे, हे सूनबाईंनी मला एकदा नव्हे, अनेकदा सांगितले होते. तरीही ‘प्रभावनेच्या पेढ्याचा एवढासा कण काय करणार?’ असे मनाशी म्हणत मी तो त्याच्या तोंडात घातला. दहा मिनिटांच्या आत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वासाला घरघर लागली. राजुऱ्यातच डॉक्टरांनी तातडीने इंजेक्शन दिले म्हणून पुढचे सुमारे ३० किलोमीटर, चंद्रपूरपर्यंत, आम्ही त्याला सुखरूप नेऊ शकलो. मूल बरे झाले. मी मात्र त्या दिवसापासून एका प्रश्नावर विचार करीत आहे. पेढा तर शुद्ध होता. मग चुकले काय?

आपल्या स्वयंपाकघराला शुद्धतेचा अभिमान असतो आणि तो अनाठायी नाही. पाणी गाळून घेणे, धान्य निवडणे, पिठाची मर्यादा ऋतूनुसार मोजणे, कंदमूळ वर्ज्य करणे, हे सारे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु दूध, तूप, गहू, शेंगदाणे, काजू हे सर्व पदार्थ शुद्धच आहेत आणि ॲलर्जी बहुधा याच पदार्थांची असते. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. तो कोणाला सोसेल, हे सांगत नाही. ‘शुद्ध आहे, म्हणजे निर्धास्त आहे’ हा आपला समज येथे धोक्याचा ठरतो.

आमच्या घरी दोन मुले आणि दोन निरनिराळे विकार आहेत. त्यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. नातवाची ती खरी ॲलर्जी. त्याचे शरीर दुधातील प्रथिनांना शत्रू मानते आणि काही मिनिटांतच त्याचा परिणाम दिसतो. दही लावल्याने दुधातील साखर कमी होते, प्रथिने जात नाहीत. म्हणून ज्यांना केवळ दुधातील साखर पचत नाही त्यांना दही पुष्कळदा सोसते. ॲलर्जी असलेल्यास नाही. कढवलेल्या तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो. नऊ वर्षांच्या नातीला सिलिॲक हा विकार आहे. गहू, जव व राय यांतील ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराची हळूहळू हानी होते. पीठ कितीही वेळ आंबवले तरी गव्हाचा पाव तिच्यासाठी निर्धोक होत नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी आजारी मुले सुधारताना बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या ध्यानात आले आणि गव्हावरील संशय दृढ झाला. एक सूचना मात्र आवर्जून करतो. शंका आली तर आधी रक्ततपासणी करावी, मग गहू बंद करावा. आधीच बंद केला तर तपासणीत दोष दिसेनासा होतो.

नातीचा गहू आम्ही बंद केला. पोळी, रवा, मैदा, शेवया, सारे गेले. तरी चार महिने तिचे पोट दुखतच राहिले, वजन वाढेना. सूनबाई फार बारकाईने पाहतात, असे आम्ही वडीलधारी कुजबुजत होतो. त्यांनी एके दिवशी हिंगाची डबी उलटून वाचली. त्यावर खाद्य गोंदाबरोबर गव्हाचे पीठ लिहिलेले होते. किराणा व्यापारातील वाचकांना ठाऊकच आहे की बंधाणी हिंगात पीठ असतेच. कांदा-लसूण नसलेल्या आपल्या घरात तर हिंगाशिवाय एकही फोडणी होत नाही. म्हणजे दर वरणातून आम्ही तिला गहू देत होतो. आता तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आणतो. दुसरा चोर निघाला गिरणीत. आधी गहू दळला असेल तर मागून पडणाऱ्या ज्वारीत त्याचे पीठ मिसळते. म्हणून घरी घरघंटी घेतली. तीत गहू कधीच पडत नाही. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन इत्यादींची नोंद बंद पाकिटावर असावी लागते. ती बारीक अक्षरांतील ओळ वाचायला अर्धा मिनिट पुरतो.

मुलांना पाव-केक हवाच असतो आणि बाजारचा देता येत नाही. मग आंबवण्याचा प्रश्न येतो. रात्रभर ठेवलेले पीठ आपल्यापैकी अनेकांना वासी म्हणून चालत नाही. यीस्टही नको असते. येथे आमचा चंद्रपूरचा उन्हाळा उपयोगी पडला. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या आमच्या मुलखात पीठ दिवसाउजेडी फुगते. सकाळी सहाला ३ वाट्या तांदूळ आणि १ वाटी उडीदडाळ वेगवेगळी भिजवावी, नऊला वाटून दोन्ही एकत्र करावी, मीठ घालून झाकून ठेवावे. दुपारी तीन-साडेतीनला पीठ फुगून येते. त्यात २ चमचे इसबगोल व थोडा किसलेला दुधी मिसळावा. ग्लुटेन नसलेल्या पिठाला धरून ठेवण्याचे काम इसबगोल करतो. तेल लावलेल्या डब्यात निम्म्यापर्यंत ओतून १८० अंशांवर सुमारे ४० मिनिटे भाजावे. पूर्ण निवल्यावरच कापावे, अन्यथा आत चिकट राहते. सूर्यास्तापूर्वी सर्वांच्या पानात पाव पडतो. दही न वापरल्याने द्विदलाचा दोषही टळतो. हिवाळ्यात पीठ असे फुगत नाही. तेव्हा ज्वारीची उकड काढून इसबगोल घातलेल्या जाड भाकऱ्या भट्टीत भाजतो. अर्थात प्रत्येक घराची मर्यादा निराळी. आपल्या गुरुभगवंतांना विचारूनच ठरवावे.

हे करताना एक गोष्ट ध्यानात आली. ओळीच्या दिवसांतील आयंबिलाची पंगत नातवाला फार सोयीची असते, कारण तेथे दूध, दही, तूप या विगईच नसतात. नवपदाच्या ओळीत कित्येक तपस्वी एका दिवशी एकच धान्य घेतात. अरिहंतपदाला तांदूळ, सिद्धपदाला गहू, आचार्यपदाला चणा, उपाध्यायपदाला मूग, साधुपदाला उडीद. ताटात काय आहे आणि काय नाही हे नेमके ठाऊक असणे, हीच त्या साधनेची शिस्त. ॲलर्जीचा रुग्ण असलेल्या घराला तीच शिस्त बाराही महिने पाळावी लागते. मात्र कोणता पदार्थ सोसतो हे पाहण्याचा प्रयोग घरी करू नये. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. पेढा शुद्ध होता, परंतु माझ्या हातून जयणा पाळली गेली नाही. आपला धर्म जीवाला इजा होऊ नये म्हणून चूल पेटवण्याआधी सरपण झटकायला शिकवतो. मग शेजारी बसलेल्या लेकराच्या ताटात काय पडते याविषयी बेफिकीर राहणे हा प्रमादच होय. आग्रह हे आपल्या आतिथ्याचे भूषण आहे, पण आई ‘नको’ म्हणते तेव्हा तेथेच थांबणे हेही आतिथ्यच.

संवत्सरीच्या दिवशी मी सर्वप्रथम सूनबाईंपुढे हात जोडले आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पारण्याच्या वेळी मात्र नातवाची वाटी त्यांनी माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, “बाबा, आज तुम्हीच भरवा.”

संघातील कार्यकर्त्यांना एकच विनंती आहे. स्वामीवात्सल्याच्या पंगतीत प्रत्येक भांड्यासमोर एक पाटी ठेवावी आणि त्यावर गहू, दूध-तूप, शेंगदाणे, सुकामेवा, हिंग यांपैकी काय घातले आहे ते लिहावे. वाढणाऱ्याने प्रभावना मुलाच्या हातात न देता आईच्या हातात द्यावी. यास खर्च काहीच नाही. आणि ओठ, जीभ सुजून श्वास अडखळू लागला तर घरगुती उपाय करीत बसू नये. मूल उचलून थेट दवाखाना गाठावा.

जय जिनेंद्र.