तीन मुलींचा गोंगाट आणि त्यांचे सर

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत एक आई मला भेटायला आली. तिची मुलगी नववीत, माझ्याच वर्गात. बसल्याबसल्या तिनं तक्रारीला सुरुवात केली. "टीचर, हिला जरा समजवा. दिवसभर मोबाईलवर त्या तीन हिजाबवाल्या मुलींचं गाणं बघते. गाणं कसलं, नुसता धांगडधिंगा! आता म्हणते, मैत्रिणींबरोबर बँड काढायचा. घरात डबे बडवते. तिचे अब्बा चिडलेत. आपल्यात हे चालतं का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. चार दिवसांची मुदत मागितली आणि घरी येऊन त्या तीन मुलींची हकीकत वाचून काढली. ती आज तुमच्यापुढे ठेवते, कारण हा प्रश्न एकाच घरातला नाही.

या मुली इंडोनेशियाच्या. जावा बेटाच्या पश्चिम भागात गारुत नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तिथल्या सिंगाजाया या गावाकडच्या एका मदरशात त्या शिकत होत्या. तिकडे मदरसा म्हणजे दीनी तालीमबरोबर गणित, विज्ञान शिकवणारी नेहमीची शाळाच. साल होतं 2014 आणि मुलींचं वय चौदाच्या आसपास. फिर्दा मार्स्या कुर्निया, विदी रहमावती आणि सिती आयशा अशी त्यांची नावं. तिघी बडबड्या, प्रश्न विचारणाऱ्या, एका जागी न बसणाऱ्या. अशा मुलींना आपण शाळेत काय म्हणतो, ते मी वेगळं सांगायला नको. त्यांना वारंवार समुपदेशक सरांकडे पाठवलं जाई.

या सरांचं नाव अहबा एर्झा. त्यांनी मुलींना आधी नाटकात घेतलं. अभिनय काही जमेना. पण सरांच्या लॅपटॉपवर मुलींना 'सिस्टम ऑफ अ डाऊन' या अमेरिकन बँडची गाणी सापडली. कर्कश गिटार, जोरात ड्रम, ओरडून गायलेले शब्द. या प्रकाराला 'मेटल' म्हणतात. मुलींना वाटलं, आपल्या मनात जे साचलंय ते असंच बाहेर पडायला हवं. सरांनी त्यांना वाद्यं हातात दिली आणि वाजवायला शिकवलं. मार्स्या गायची आणि गिटार वाजवायची, विदी बेस गिटार वाजवायची आणि सिती ड्रमवर बसायची. बँडचं नाव ठेवलं 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत'. त्यांच्या सुंदानी भाषेत बाचेप्रोत म्हणजे बडबड, गोंगाट. ज्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली, तिचंच नाव त्यांनी घेतलं.

पुढचा रस्ता सोपा नव्हता. घरच्यांना आधी ते पटलं नाही. गावात नावं ठेवली गेली, धमक्याही आल्या. कोणी म्हणे संगीत सोडा, कोणी म्हणे वाजवायचं तर हिजाब काढा. मुलींनी दोन्ही केलं नाही. शाळेतल्या शिक्षणाबद्दलच्या तक्रारीवर त्यांनी गाणं केलं. स्त्रीचं शरीर ही कोणाची मालमत्ता नाही, यावर केलं. एका गाण्याचं तर नावच असं, की त्यात त्या अल्लाहकडे संगीत वाजवण्याची परवानगी मागतात. जून 2024 मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी या मोठ्या संगीत महोत्सवात त्या वाजवून आल्या. तिथे वाजवणारा हा इंडोनेशियाचा पहिला बँड.

आता मुद्द्याचा प्रश्न. हे जायज आहे का? मी शाळेत शिकवते, फतवा देत नाही. संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आपण सगळे जाणतो. बरेच जण वाद्यं सरसकट नाजायज मानतात, काही जण शब्द, प्रसंग आणि निय्यत पाहून ठरवायला सांगतात. ईदच्या दिवशी हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना रागावलं, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी, राहू दे, ईद आहे, असं सांगितलं. बुखारी शरीफमधली ही हदीस दोन्ही बाजूचे लोक देतात आणि आपापला अर्थ काढतात. ज्यांचा ज्या आलिमांवर विश्वास आहे, त्यांनी त्यांना विचारावं.

पण "आपल्यात असं कधी नव्हतं" असं कोणी म्हणालं, तर ते बरोबर नाही. त्याच जावा बेटावर सेमारांग शहरात 1975 साली मुहम्मद झैन नावाच्या, कुरआन पठण शिकवणाऱ्या उस्तादांनी आपल्या नऊ विद्यार्थिनींचा गट केला. नाव 'नसिदा रिया'. सुरुवातीला मुली डफसारख्या 'रेबाना' या वाद्यावर कसीदे म्हणत. पुढे व्हायोलिन, गिटार, कीबोर्ड आले. आधी अरबीत गात, मग लोकांना समजावं म्हणून इंडोनेशियन भाषेत गाऊ लागल्या. विषय शांततेचे, समाजाचे, नसीहतीचे. 1994 साली त्या बर्लिनला जाऊन आल्या, 2022 साली पुन्हा जर्मनीत कासेल शहरात गायल्या. आज त्या देशात या आजीबाईंना ओळखत नाही असं घर क्वचितच असेल.

दोन्ही बँडचं संगीत एकमेकांपासून फार लांब. पण दोन्हीकडे मुलींना एकत्र आणणारा माणूस त्यांना शिकवणारा होता. त्यानं मुली काय करताहेत ते आधी पाहिलं, मग वळण दिलं. माझ्या वर्गात बाक वाजवणाऱ्या किती मुलींना मी उभं केलं, ते मला आठवलं आणि शरम वाटली. त्या काय वाजवतात, हे मी एकदाही ऐकलं नव्हतं.

चार दिवसांनी ती आई आली. मी म्हटलं, "बाजी, मुलीला मोबाईल हिसकावून गप्प कराल, तर ती लपून बघेल. त्यापेक्षा तुम्ही तिच्या शेजारी बसून एकदा बघा. काय आवडतं ते विचारा. मग तुमच्या घरात काय चालेल, काय नाही, ते तिला स्पष्ट सांगा. कारणही सांगा." आई म्हणाली, "आणि तिचे अब्बा?" मी म्हटलं, "त्यांनाही बसवा."

मुलींशी बोलून मी एक ठरवलं. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर त्या तिघी माझ्यासमोर बसतात. सध्या फक्त डफ आहे आणि त्यांचे स्वतःचे शब्द. पहिलं गाणं लिहिलंय ते गल्लीत साचणाऱ्या सांडपाण्यावर. चाल अजून धड नाही, पण शब्द चोख आहेत. नमाजची वेळ झाली की डफ बंद आणि परीक्षेच्या महिन्यात सुट्टी, या अटी त्यांनीच घातल्या.

अब्बा अजून राजी नाहीत. तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलं आणि तो त्यांचा हक्क आहे. पण शनिवारी लेकीला न्यायला तेच येतात, आणि गाणं संपेपर्यंत बाहेर व्हरांड्यात थांबतात.

तुमच्या घरात कोणी डबे बडवत असेल, तर रागावण्याआधी पाच मिनिटं ऐका. पुढचं वळण लावायला अल्लाह आपल्याला समज देवो.