बिनव्हिसाची संध्याकाळ

नोव्हेंबर लागला की पोर्ट लुईच्या धक्क्याला मोठ्या प्रवासी बोटी येऊ लागतात. बैठकेच्या संध्याकाळच्या वर्गातल्या एका मुलीने परवा आम्हांला विचारले, ‘गुरुजी, बोटीतले लोक एका संध्याकाळपुरते खाली उतरतात, त्यांनाही व्हिसा काढावा लागतो का?’ आपल्या देशापुरते उत्तर सोपे आहे. मॉरिशसला येणाऱ्या बहुतेक देशांच्या उतारूंना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परंतु सगळ्याच बंदरांत असे नसते, आणि जिथे ‘व्हिसा लागत नाही’ असे सांगतात तिथेही त्या शब्दांचा अर्थ आपण समजतो तसा नसतो. आज त्याचाच थोडा विचार करू.

हा प्रश्न आता परक्यांचा राहिलेला नाही. निवृत्तीच्या रकमेतून समुद्रपर्यटनाला निघणारी जोडपी आपल्या समाजातही आहेत. मॉरिशसच्या पासपोर्टाला शेंगेन देशांत अल्प मुक्कामासाठी २००९ पासून व्हिसाची माफी आहे. भारतीय पासपोर्टाला ती नाही. त्यामुळे वाक्वाचे व्याही आणि मुंबईचे व्याही एकाच बोटीवर, एकाच टेबलाशी जेवले, तरी बंदर आले की दोघांचे कागद निराळे होतात.

उदाहरणासाठी आम्ही रशियातील सेंट पीटर्सबर्ग हे बंदर घेतो, कारण बिनव्हिसाने उतरण्याचा नियम तिथे अगदी स्पष्ट होता आणि त्याचे बरेवाईट परिणामही दिसून आले. बाल्टिक समुद्रातल्या फेरीचे हे शहर म्हणजे मुख्य आकर्षण. शहराच्या पश्चिम टोकाला, वासिलिएव्स्की बेटावर, खास प्रवासी बोटींसाठी नवे बंदर २००८ साली सुरू झाले. मे २००९ मध्ये रशियन सरकारने नियम केला की बोटीने येणाऱ्या पर्यटकाला व्हिसाशिवाय ७२ तासांपर्यंत देशात राहता येईल. अट एकच : परवाना असलेल्या सहल कंपनीच्या गटाबरोबर फिरले पाहिजे.

त्या एका अटीत सारे काही आले. पासपोर्टाच्या खिडकीशी उतारूने आपल्या पासपोर्टाबरोबर सहलीचे पत्र दाखवायचे. ज्याच्याजवळ व्हिसाही नाही आणि असे पत्रही नाही, त्याने बोटीच्या कठड्याशी उभे राहून शहर पाहायचे.

आता संध्याकाळकडे वळू. बोट बहुधा दोन दिवस आणि मधली एक रात्र धक्क्याला असे. दिवसा हर्मिटेज संग्रहालय किंवा पीटरहॉफची कारंजी पाहून मंडळी परतत, आणि सहल संपली की त्यांचा मोकळेपणाही संपे. रात्री मारिइन्स्की नाट्यगृहात बॅले पाहायचा असेल किंवा कालव्यांतून नावेने हिंडायचे असेल, तर त्यासाठी निराळी सहल घ्यावी लागे. तिचे वेगळे पैसे, न्यायला-आणायला गाडी, बरोबर मार्गदर्शक, आणि पुन्हा पासपोर्टाची खिडकी. जूनमध्ये तिथे रात्री दहानंतर सूर्य मावळतो. आकाश पुरते काळे होतच नाही. अशा उजेडातही ‘जेवण झाले, जरा पाय मोकळे करून येतो’ असे म्हणण्याची सोय उतारूला नव्हती.

शिवाय पुलांची अडचण होती. नेव्हा नदीवरचे पूल मोठ्या जहाजांना वाट देण्यासाठी मध्यरात्रीनंतर, एकच्या सुमारास उचलले जातात. बंदर बेटावर आणि नाट्यगृह नदीपलीकडे. पूल उचलला गेला की परतीचा नेहमीचा रस्ता पहाटेपर्यंत बंद. डिसेंबर २०१६ मध्ये उंच पुलांवरून जाणारा नवा महामार्ग खुला झाल्यावर ही धास्ती कमी झाली. तोवर संध्याकाळची सहल आखणाऱ्याला नाटकाच्या वेळेइतकीच पुलाची वेळही सांभाळावी लागे.

बोटीवर पुष्कळांचा समज असा असे की, सहल बोटीकडूनच घ्यावी लागते, नाहीतर व्हिसा काढावा लागतो. हे अर्धेच खरे होते. शहरातल्या परवानाधारक कंपनीकडून सहल घेतली, तर तिचे पत्रही खिडकीवर तितकेच चाले. ज्यांनी नियम वाचला त्यांना लहान गट आणि मनाजोगी संध्याकाळ निवडता आली. ज्यांनी नुसते ऐकले, त्यांनी बोटीवर मिळाले ते घेतले. हेलसिंकीहून फेरीबोटीने येणाऱ्यांची तर आणखी गंमत. त्यांना बंदरातून शहरात नेणारी बसच ‘सहल’ म्हणून दिली जाई. बसमधून उतरले की ७२ तासांच्या आत ते हवे तसे फिरत, हॉटेलातही राहत. नियम तोच, पण एकाने मार्गदर्शकाच्या मागे मागे चालायचे आणि दुसऱ्याने मोकळे हिंडायचे!

आमच्या मते यातली खरी मेख अशी आहे. व्हिसा माफ झाला म्हणून पहारा उठत नाही, पहारेकरी तेवढा बदलतो. परवानगी देण्याचे काम सरकारी कचेरीतून व्यापाऱ्याच्या हाती जाते. सरकार हमी मागते, कंपनी हमी देते आणि त्या हमीची किंमत उतारू तिकिटात भरतो. अशा वेळी हमी देण्याचा अधिकार गावातल्या माणसांना असेल तर पैसा गावात उतरतो. तो बोटीच्याच हाती राहिला, तर पैसा बोटीबरोबर निघून जातो.

पुढची हकीकतही बोलकी आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून सेंट पीटर्सबर्गसाठी आठ दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा विनामूल्य मिळू लागला. त्या यादीत भारत होता. अमेरिका आणि ब्रिटन नव्हते. म्हणजे रत्नागिरीचा माणूस तो व्हिसा घेऊन एकटा फिरू शकत होता, आणि त्याच्या शेजारच्या खोलीतल्या बिनव्हिसाच्या न्यूयॉर्ककराला मात्र गटाबरोबर चालावे लागत होते. पासपोर्टांची उतरंड एकदा तरी उलटी झाली! पण सहा महिन्यांच्या आतच, मार्च २०२० मध्ये, कोविडमुळे सीमा बंद झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि पाश्चात्त्य कंपन्यांनी हे बंदर आपल्या फेऱ्यांतून वगळले. ऑगस्ट २०२३ पासून रशियाने सगळ्या देशासाठी ई-व्हिसा सुरू केला. कागद सोपा झाला, पण त्या बोटी गेल्या. उन्हाळ्याच्या हंगामावर ज्यांचे वर्ष चाले, त्या मार्गदर्शकांवर आणि बसवाल्यांवर काय वेळ आली असेल, हे कोविडच्या दिवसांत आपल्या टॅक्सीवाल्यांची स्थिती पाहिलेल्यांना सांगायला नको.

बोटीतून उतरून दुसऱ्याच्या कागदावर परक्या जमिनीवर पाऊल ठेवणे आपल्या घराण्यांना नवे नाही. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढलेल्या आपल्या पूर्वजांजवळ व्हिसा नव्हता, मजुरीचा करार होता. १८६७ च्या कायद्यानंतर तर करार पुरा केलेल्यांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पैसे मोजून मौजेला निघालेल्या उतारूची आणि त्यांची बरोबरी आम्ही करीत नाही. तसे करणे पाप ठरेल. इतकेच म्हणतो की, आपल्या हातातला कागद कुणाच्या हमीवर आहे, हे तपासण्याची सवय आपल्याला इतरांहून अधिक असायला हवी.

म्हणून समुद्रपर्यटनाला निघणाऱ्या बंधुभगिनींना तीन गोष्टी सुचवतो. पहिली, कुटुंबातल्या प्रत्येक पासपोर्टासाठी प्रत्येक बंदराचा नियम निराळा पाहावा, आणि तो त्या त्या देशाच्या वकिलातीकडून पाहावा; रंगीत माहितीपत्रकावर विसंबू नये. दुसरी, एकट्याने उतरता येते की गटानेच, गट कुणाचा चालतो, आणि दिवसाची परवानगी संध्याकाळी पुरते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. तिसरी, संध्याकाळ स्वतः आखली असेल तर परतीला दोन तास हाताशी ठेवावेत. बोटीने नेलेल्या गटाला उशीर झाला तर बोट बहुधा थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यासाठी ती थांबत नाही.

आता शेवटी आपल्या घराकडे पाहू. आपल्याकडे दार उघडे आहे, संध्याकाळ मात्र बंद आहे. कचेऱ्या सुटल्या की पोर्ट लुईची दुकाने बंद होतात, लोक बसगाड्यांनी आपापल्या गावी जातात, आणि कोदाँचा परिसर सोडला तर शहर सुने पडते. उतारू थोडे हिंडतो आणि बोटीवर जेवायला परततो. सेंट पीटर्सबर्गने त्याला एकटे सोडले नाही. आपण त्याला एकटाच सोडतो. आमच्या तरुणांना इंग्रजी येते, फ्रेंच येते, क्रियोल तर घरचीच. आप्रवासी घाट बंदराच्या काठावरच आहे. तिथली गोष्ट सांगायला आमच्या मुलामुलींहून चांगले कोण मिळणार? त्यांना मार्गदर्शकाचे शिक्षण द्यावे, काही उपाहारगृहे आणि घाटाची वाट बोट असेल त्या रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवावी, एवढे जरी झाले तरी उतारूच्या पैशातला काही वाटा गावात राहील.

त्या मुलीला आम्ही हे सारे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग गुरुजी, व्हिसा नको म्हणून ते उतरले, तर संध्याकाळी आपण त्यांना काय दाखवतो?’ आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही. वाचकांपैकी कुणाला सुचले, तर या पानाकडे जरूर लिहून पाठवावे.