पदक वर्षाचे, हाडे जन्माची

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा नुकताच सरला होता. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक गृहस्थ आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. घरी चांदीच्या कड्या जोडण्याचे काम. मुलगी नववीत, तीन हजार मीटर पळणारी. तालुक्यात पहिली, जिल्ह्यात पहिली. सहा दिवसांवर विभागीय स्पर्धा आली होती आणि तिची उजवी नडगी दुखत होती.

"डॉक्टर, ऐतवारी विभागीय हाय. तेवढी एक सुई मारा, पुढचं पुढं बघू," वडील म्हणाले.

मी नडगी दाबून पाहिली. रुपयाएवढ्या एकाच जागी बोट टेकताच मुलगी कळवळली. खरे तर तिथेच मी सांगायला हवे होते की, पळणे बंद. पण चौकात तिच्या अभिनंदनाचा फलक लागलेला, वडिलांच्या डोळ्यांत आशा आणि ती मुलगीही हात जोडून उभी. मी गोळ्या लिहून दिल्या आणि शनिवारी इंजेक्शनही दिले. मुलगी पळाली, दुसरी आली. माझ्या घरी पेढे आले. पंधरा दिवसांनी ती लंगडत आली तेव्हा एक्स-रेमध्ये नडगीच्या हाडाला तडा गेलेला स्पष्ट दिसत होता.

त्या दिवशी मी तिच्या आईला एक प्रश्न विचारला. तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. "हिची पाळी नियमित येते का?"

"सात म्हयनं झालं, आली न्हाई," आई म्हणाली. "पळणाऱ्या पोरींचं असंच असतंय म्हणत्यात. बरंच की, स्पर्धेत आडवं येत न्हाई."

वाचकहो, आजचा लेख या 'बरंच की'विषयी आहे.

ऊस घालून कारखान्याचे बिल थकले की घरात काय होते, हे आपल्या भागात सांगायला नको. पीठ-मीठ चालू राहते, पण घराची डागडुजी आणि नवे कापड पुढे ढकलले जाते. शरीराचा संसारही असाच चालतो. रोज आठ-दहा किलोमीटर पळणाऱ्या मुलीच्या पोटात पुरेसे अन्न गेले नाही, तर शरीर हृदय आणि मेंदू चालू ठेवते आणि जे थांबवता येईल ते थांबवते. पहिली थांबते ती मासिक पाळी. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले. तेच संप्रेरक हाडांची राखण करते. ते कमी झाले की हाडांची डागडुजी थांबते आणि पळताना पडणाऱ्या हजारो पावलांच्या ठोक्यांनी हाडाला बारीक तडे जाऊ लागतात.

कमी अन्न, थांबलेली पाळी आणि कमकुवत हाडे ही तीन दुखणी एकमेकांचा हात धरून येतात, हे अमेरिकेतील क्रीडावैद्यकांनी १९९२ मध्येच नाव देऊन सांगितले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यात भर घातली. अन्नाच्या या तुटीचा परिणाम हृदय, रक्त, वाढ आणि मन यांवरही होतो, आणि तो मुलांनाही चुकत नाही. शिवाय हाडांत जी ताकद साठवायची ती बहुतेक सगळी अठरा-वीस वर्षांच्या आतच साठते. या वयात झालेली तूट पुढे पूर्णपणे भरून निघत नाही.

दुसरी एक गोष्ट पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना माहीत असायला हवी. मुलगा वयात आला की त्याचे स्नायू वाढतात आणि तो वेगाने पळू लागतो. मुलगी वयात येते तेव्हा तिची कंबर रुंदावते, अंगावर थोडी चरबी येते. त्यामुळे बाराव्या-तेराव्या वर्षी वाऱ्यासारखी पळणारी मुलगी पुढची एक-दोन वर्षे तेवढीच वेळ नोंदवते किंवा थोडी मागेही पडते. हा आळस नव्हे, निसर्ग आहे. शरीर या बदलाला सरावले की वेग पुन्हा वाढतो. पण नेमक्या याच काळात तिला ऐकवले जाते, "जाड झालीस, जेवण कमी कर." ती बिचारी ऐकते. रात्रीची भाकरी सुटते, दूध सुटते. वजन उतरते, काही आठवडे वेळही सुधारते, आणि सगळ्यांना वाटते उपाय लागू पडला! हुपरीकरांना सांगायला हवे असे नाही, पण जोड झाळताना आच जरा जास्त झाली की कडीच वितळते.

हे केवळ आपल्या गरीब देशातच होते असे समजू नका. अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये अवघ्या सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत पंधराशे मीटरची अंतिम फेरी पळाली. ती नामांकित प्रशिक्षकांच्या हाताखाली सराव करत होती. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितले, की वजन कमी करण्यासाठी तिच्यावर सतत दबाव होता, सगळ्यांसमोर तिचे वजन केले जाई, तीन वर्षे तिची पाळी बंद होती आणि पाच हाडे मोडली. पैसा आणि यंत्रसामग्री यांची तिथे काय कमतरता होती?

आता आपल्याकडची उदाहरणे पाहा. माण तालुक्यातील मोहीसारख्या दुष्काळी गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी ही पहिलीच भारतीय महिला. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले ते पंचविसाव्या वर्षी. लांब पल्ल्याचे पळणे हा मुळी पिकायला वेळ लागणारा खेळ आहे. नववीच्या मुलीकडून आजच सगळे वसूल करायला निघणे म्हणजे पी हळद नि हो गोरी!

मग हा दबाव टाकतो कोण? खलनायक कुणीच नाही. शाळेला नाव हवे असते. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कड्या जोडून पाठ मोडलेल्या बापाला मुलीच्या पायांत घराचे भविष्य दिसले, तर त्यात त्याचा काय दोष? आणि आम्ही डॉक्टर? 'एक सुई मारा' म्हटले की आम्ही मारतो.

काही पालक मला विचारतात, "डॉक्टर, दबावाशिवाय कुणी मोठं झालंय का?" प्रश्न रास्त आहे. मेहनत हवीच, शिस्त हवीच. पण मुलाच्या आणि मुलीच्या हरण्यात आपल्याकडे एक फरक आहे. मुलगा हरला तर त्याचे पदक जाते. मुलगी हरली तर तिचे पळणेच जाते. "बास झालं, आता घरात बस" हे वाक्य तिच्या डोक्यावर टांगलेले असते. पहाटे यळगूड रस्त्याला मोकळ्या वाऱ्यात पळायची मुभा तिला मिळालेली असते ती केवळ पदकाच्या अटीवर. म्हणून ती दुखणे लपवते, पाळीचे बोलत नाही, उपाशी राहते. माझे स्पष्ट मत असे आहे, की ही अट आपण काढून टाकली पाहिजे. पहिली आली तरी पळू दे, दहावी आली तरी पळू दे.

या मुलींच्या घरच्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही ती सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. पाळी नियमित येणे हे खेळाडू मुलीच्या तब्येतीचे सर्वांत स्वस्त प्रमाणपत्र आहे.

हाडावर एकाच जागी दुखत असेल आणि पळताना ते वाढत असेल, तर पळणे लगेच थांबवावे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे चांगला आहे' म्हणून निर्धास्त राहू नये. वेदनाशामक घेऊन पळणे म्हणजे घराला आग लागलेली असताना घंटा बंद करणे.

पळणाऱ्या मुलीला घरातल्या इतरांपेक्षा जास्त जेवण लागते. सरावानंतर अर्ध्या तासात केळे, शेंगदाणे-गूळ किंवा दूध-भाकरी द्यावी. नाचणी, डाळी, पालेभाजी, जमत असेल तर अंडी. जेवणाबरोबर चहा देऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबू पिळावे.

वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासावे. ते १२ च्या खाली नसावे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. 'पोरगी हल्ली मागे पडते' याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती हवी. आणि तिचे वजन चारचौघांत काढू नये, त्यावर शेरे मारू नयेत. शाळेत क्रीडाशिक्षक पुरुष असतील, तर पाळीविषयी बोलण्यासाठी एखाद्या शिक्षिकेकडे जबाबदारी द्यावी.

ती मुलगी आज बारावीत आहे. राज्य स्पर्धा तेव्हा हुकली, ती हुकलीच. हाड भरून यायला तीन महिने लागले, पाळी पूर्ववत व्हायला त्याहून जास्त. त्यासाठी औषध फारसे लागले नाही. भाकरी आणि विश्रांती, बस्स! मधले एक वर्ष वडील तिच्याशी धड बोलत नव्हते, हे मला तिच्या आईने नंतर सांगितले. त्या अबोल्यातला माझा वाटा मी विसरलेलो नाही. यंदा ती जिल्ह्यात सहावी आली. वडील स्वतः सायकल घेऊन तिच्या मागून जातात आणि तिच्या पिशवीत गूळ-शेंगदाण्याची पुडी ठेवतात.

आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत अशी एखादी पळणारी मुलगी असेलच. उद्या ती दिसली तर 'कितवी आलीस?' हे विचारण्याआधी 'बाळ, जेवलीस का?' एवढे जरूर विचारा.