भूक खरी, फोटो खोटा!

उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातील खेड्यांत गरिबांपुढे एक टेबल मांडले गेले. टेबलावर पक्वान्ने होती, पण सगळी खोटी. आवडत्या जेवणाचे स्वप्न पाहा, असे त्यांना सांगितले गेले आणि हातांनी डोळे झाकलेल्या त्या माणसांचे फोटो निघाले. इटालियन छायाचित्रकार अलेसिओ मामो यांनी २०११ साली काढलेले हे फोटो जुलै २०१८ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या नामवंत संस्थेच्या इन्स्टाग्रामवर झळकले. टीकेची झोड उठली, मामोंनी माफी मागितली.

खोटे अन्न आपणच नेले, हे मामोंनी लपवले नव्हते. मग चुकले काय? आमचे उत्तर सरळ आहे. भुकेल्या माणसाला त्यांनी माणूस न मानता सामान मानले. फोटो मांडण्यात दोन गुन्हे असतात. एक, पाहणाऱ्याची फसवणूक. दुसरा, ज्याचा फोटो काढला त्याचा अपमान. पहिल्यावर चर्चा होते, दुसऱ्यावर क्वचितच!

हा रोग जुना आहे. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी लखनौच्या सिकंदर बागेत इंग्रजी फौजेने सुमारे दोन हजार बंडखोर शिपाई कापून काढले. काही महिन्यांनी, १८५८ साली, फेलिस बिआटो कॅमेरा घेऊन तिथे पोचला. त्याच्या फोटोत पडक्या वास्तूपुढे हाडांचा सडा आहे. ती हाडे फोटोसाठी उघडी करून पसरली गेली, असे अनेक अभ्यासक मानतात. फोटोत चार जिवंत हिंदी माणसेही आहेत. फोटोच्या शीर्षकात जेत्यांच्या पलटणींची नावे आहेत. मेलेल्यांचे नाव नाही, त्या चौघांचेही नाही. याच बागेत लढलेल्या उदादेवी पासीची आठवण जपावी लागली ती समाजालाच.

याउलट जुलै २०१६ मधील उना आठवा. मेलेल्या गाईचे कातडे काढले म्हणून दलित तरुणांना बांधून झोडपले गेले. मारणाऱ्यांनीच दहशतीसाठी चित्रफीत पसरवली आणि तीच त्यांच्याविरुद्ध साक्ष झाली. गुजरातचा दलित रस्त्यावर उतरला, कारण त्या चित्रफितीतला प्रत्येक फटका खरा होता.

आज कॅमेरा आपल्याही हातात आहे, म्हणून आम्ही आपल्यालाही बजावतो. अत्याचाराच्या गावी उशिरा पोचलेला कार्यकर्ता किंवा पत्रकार म्हणतो, "मावशी, पुन्हा त्या विहिरीपाशी उभ्या राहा, पदर डोळ्याला लावा." हेतू चांगला असेल. पण उद्या आरोपीचा वकील तोच फोटो कोर्टात फडकावेल आणि म्हणेल, हे नाटक, तर तक्रारही नाटकच! एका खोट्या फोटोपायी शंभर खऱ्या जखमांवर संशय येतो.

मग करायचे काय? प्रसंग पुन्हा करून दाखवायचाच असेल, तर तसे फोटोखाली ठळक छापा. माणसाला आधी विचारा. त्याची इच्छा असेल आणि धोका नसेल, तर नावही छापा. पोचायला उशीर झाला, तर जळलेली चूल दाखवा, रिकामी विहीर दाखवा. तेही बोलते.

आमच्या दुःखाला सजावट लागत नाही. ते आहे तसे दाखवण्याची हिंमत तेवढी लागते!