जेजुरीचा गाढवांचा बाजार

भगिनींनो, पौष पौर्णिमेला आम्ही सहकुटुंब जेजुरीला जाऊन आलो, असे सांगितले की ऐकणारा चमकतो. आमच्या सासूबाईही चमकल्या. "आपण? आन् जेजुरीला?" त्यांचा प्रश्न बरोबरच होता. १९५६ साली धम्मदीक्षा झाल्यावर त्यांच्या सासऱ्यांनी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक नदीत सोडला. तेव्हापासून या घरातल्या कुणी त्या गावाची वाट धरली नव्हती. पोटच्या पोरी मुरळी म्हणून देवाला सोडण्याची चाल आपल्याही समाजात होती. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' मासिक काढले आणि या चालीविरुद्ध आवाज उठवला. हे सासूबाई विसरलेल्या नाहीत, आणि आपणही विसरू नये. म्हणून आधीच सांगते, आम्ही गडाची एकही पायरी चढलो नाही. आम्ही गेलो होतो गाढवे बघायला!

त्याचे असे झाले. आमचा धाकटा सहावीत आहे. एके दिवशी फळ्यावरचे गणित चुकले म्हणून सरांनी त्याला भर वर्गात 'गाढव' म्हटले. वर्ग हसला. मग तेच नाव पडले. मधल्या सुट्टीत पोरे त्याच्यामागे ओरडू लागली. पोरगा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. एका सकाळी दप्तर कोपऱ्यात टाकून म्हणाला, "मी शाळेत जाणार नाही." माझ्या पोटात गोळा आला. आपल्या घरात शाळा सुटणे म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. मी रागावणार, तेवढ्यात हे म्हणाले, "रविवारी पौष पौर्णिमा आहे. चल बाळा, गाढव म्हणजे काय ते आपण डोळ्यांनी बघून येऊ."

स्वारगेटहून एस.टी.ने निघालो. डब्यात भाकरी, पिठले आणि ठेचा होता. दिवे घाट चढून गाडी पुरंदर तालुक्यात शिरली. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे खानवडी याच तालुक्यात आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या उमाजी नाईकांचे भिवडीही इथलेच. हे पोराला खिडकीतून हात करून दाखवत होते. सासवड मागे टाकून जेजुरीत उतरलो, तर मोकळ्या पटांगणात नुसती गाढवेच गाढवे! कुणी करडे, कुणी काळपट, कुणी पांढरट. काहींच्या अंगावर रंगाचे पट्टे ओढलेले. वैदू, बेलदार, वडार, कैकाडी, कुंभार, परीट अशा कष्टकरी जातीजमातींची माणसे लांबलांबून आलेली. तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, पाले पडलेली. ही जत्रा पिढ्यान् पिढ्या भरते.

एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने पोराला जवळ बोलावले. गाढवाचा ओठ वर करून दात दाखवले. "ह्ये बघ लेकरा, ह्याचं दुधाचंच दात हाईत, ह्यो कोरा. दोन पक्कं दात आलं की दुवान. चार आलं की चौवान. समदं भरलं की अखंड." दात बघून वय ठरते आणि वयावर किंमत. गावठी गाढवापेक्षा गुजरातेतले काठेवाडी गाढव अंगाने थोराड, म्हणून त्याला भाव जास्त. एका काठेवाडी जोडीपाशी सौदा चालला होता. हजारांचे आकडे ऐकून आमच्या चिरंजीवांचे डोळेच विस्फारले.

पोराने धीर करून विचारले, "आजोबा, गाढव मूर्ख असतं का?" म्हातारा हसला. "मूर्ख? आरं, घोडं बिथरलं की पळत सुटतंय. गाडव जाग्यावर थांबतंय. पाय ठिवायच्या आधी जमीन बघतंय. धोका दिसला तर मारून टाकलं तरी फुडं जात न्हाई. त्येला लोक हट्टी म्हणत्यात. आमी शाना म्हणतो." पोरगा काही बोलला नाही, पण त्या जनावराच्या मानेवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिला.

पण बाजार आता पूर्वीसारखा राहिला नाही, असे जो तो सांगत होता. वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, माती-वाळू उपसायला यंत्रे आली. सरकारच्या पशुगणनेत २०१२ साली देशात सुमारे तीन लाख वीस हजार गाढवे होती. २०१९ साली ती सुमारे एक लाख वीस हजारच उरली. गाढव गेले ते गेले, पण त्याच्या पाठीवर ज्यांचा संसार होता त्यांनी कुठे जायचे? लक्ष्मण माने यांचे 'उपरा' तुमच्यापैकी अनेकींनी वाचले असेल. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शिकला आणि १९८० साली ते पुस्तक आले. शाळा होती म्हणून तो लिहिता झाला.

त्या म्हाताऱ्याची नात आमच्या पोराएवढीच. सौद्याचा हिशेब तोंडी, फटाफट करत होती. मी विचारले, "बाळ, कितवीत आहेस?" तिने मान खाली घातली. बाप म्हणाला, "चौथीत सोडली, ताई. आमी सहा म्हैनं भट्टीवर. नव्या गावात दाखला मागत्यात. कागद कुटनं आनायचा?" यांनी त्याला शेजारी बसवून समजावले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत मोफत घ्यावेच लागते. वर्षाच्या मध्ये गेले, जन्माचा दाखला नसला, आधीच्या शाळेचा कागद यायला उशीर झाला, तरी नाही म्हणता येत नाही. वहीचे पान फाडून यांनी ते मोठ्या अक्षरात लिहून दिले. बापाने घडी घालून पागोट्यात खोचले. ती पोर शाळेत गेली की नाही, मला माहीत नाही. पुढच्या पौर्णिमेला विचारायला जाणार आहोत.

परत आल्यावर आम्ही दोघे शाळेत गेलो. भांडायला नाही. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्ही बंद केले आहे, एवढेच सरांना नम्रपणे सांगितले. सर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "माझ्या लक्षात आलं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी पोराला जेजुरीच्या बाजारावर वर्गात बोलायला उभे केले. कोरा, दुवान, चौवान, अखंड! वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी आमचा पोरगाही त्यांच्यासोबत हसला.

भगिनींनो, आपणही रागाच्या भरात लेकरांना असे शब्द बोलून जातो. मीही बोलले आहे. शब्द आपण विसरतो, लेकरू विसरत नाही. तेवढे आपल्या तोंडाला आवरू या. आणि कामाच्या ठिकाणी, शेजारच्या भट्टीवर, बांधकामावर एखादे शाळेबाहेरचे पोर दिसले, तर त्याच्या आईबापाला ते वहीचे पान लिहून देऊ या.