निनावी बंदूकधारी, आपला ‘मन्या’ आणि समीक्षेचे सोवळे

मुंबई-गोवा महामार्गावर रत्नागिरीजवळ पाली हे गाव आहे. तेथून एक वाट मुंबईकडे, दुसरी गोव्याकडे आणि तिसरी नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाते. अकिरा कुरोसावाच्या ‘योजिंबो’ (१९६१) या चित्रपटाच्या आरंभी एक निराधार सामुराई अशाच तिठ्यावर येतो, काठी हवेत भिरकावतो आणि ती दाखवील त्या दिशेने चालू लागतो. वॉल्टर हिल याने या कथेला अमेरिकी दारूबंदीच्या काळातील टेक्ससमध्ये नेले (‘लास्ट मॅन स्टँडिंग’, १९९६), तेव्हा काठीच्या जागी दारूची रिकामी बाटली आली. तिचे तोंड ज्या रस्त्याकडे वळले तो रस्ता नायकाने धरला. पालीच्या तिठ्यावरून गेलेल्या माणसांना ही चैन कधी परवडली नाही. आधी बोटीने आणि मग एस.टी.ने जाणाऱ्या चाकरमान्याची काठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्याच दिशेने पडत आली. एकाची दिशा योगायोगाने ठरते, दुसऱ्याची पोटाने. एकट्या बंदूकधाऱ्याच्या कथेचा मराठीत विचार करायचा झाला, तर तो या भेदापासून करावा लागेल. परंतु असा विचार मराठी समीक्षेने केलेला नाही, आणि तो न करण्याची तिने दिलेली कारणे तपासली तर ती कारणे नसून सोवळ्याचे नियम आहेत, असे दिसून येते.

हे नियम दोन आहेत. पहिला असा की, गुन्हेगारी कथा ही रंजनाची वस्तू असल्यामुळे ती वाङ्मयीन विचाराच्या कक्षेत येत नाही. दुसरा असा की, हा कथाबंध मुळात परका आहे. पिस्तूल, टोळी आणि दोन टोळ्यांमधला एकांडा शिलेदार ही अमेरिकेतून आलेली आयात आहे, आपल्या मातीशी तिचा संबंध नाही. पहिला नियम रूपवादी समीक्षेच्या घरचा, दुसरा देशीवादाचा हवाला देणाऱ्यांचा. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष या एका ठिकाणी मात्र एका पंगतीला बसतात.

दुसरा आक्षेप आधी घेऊ. या कथाबंधाची वंशावळ पाहिली तर ‘माती’ हा शब्द किती सैलपणे वापरला जातो ते कळते. डॅशिएल हॅमेटची ‘रेड हार्वेस्ट’ ही कादंबरी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील निवेदक एका गुप्तहेर कंपनीचा नोकर आहे, त्याला नाव नाही. तो एका खाणनगरात येतो आणि तिथल्या टोळ्यांना एकमेकींवर घालून संपवतो. कुरोसावाचा सामुराई हीच चाल एकोणिसाव्या शतकातल्या जपानी गावात खेळतो. सर्जिओ लिओनेने ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) मध्ये ती मेक्सिकोच्या सीमेवर नेली. त्यावरून जपानी निर्मात्यांशी तंटा झाला, तेव्हा मूळ कल्पना गोल्दोनीच्या ‘दोन मालकांचा नोकर’ या अठराव्या शतकातील इटालियन प्रहसनात आहे, असा युक्तिवाद पुढे आला. जी कथा अमेरिकेतून जपानला, तेथून इटालियन दिग्दर्शकाकडे आणि पुन्हा टेक्ससला जाते, तिची माती कोणती? प्रत्येक ठिकाणी तिला दोनच गोष्टी स्थानिक लागल्या : दोन मालक आणि निकामी झालेला कायदा. या दोन गोष्टी महाराष्ट्रात नव्हत्या, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली. अमेरिकेतील प्रयोग १९२० ते १९३३ असा तेरा वर्षे चालून संपला. इकडे १९६० नंतरच्या काळात बंधने सैल झाली, परवान्यांची पद्धत रूढ झाली, आणि कायदा मात्र नाव बदलून आजही पुस्तकात आहे. डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता. म्हणजे कोकणच्या एका अंगाला दारू निषिद्ध आणि दुसऱ्या अंगाला राजरोस, अशी स्थिती होती. मुंबईतील टोळ्यांच्या वाढीत हातभट्टीचा वाटा मोठा आहे. वरदराजन मुदलियार हे नाव त्या धंद्याशी कायमचे जोडले गेले आहे. सद्हेतूने केलेल्या कायद्याने जी अर्थव्यवस्था निर्माण केली, तिने भाषेलाही हात घातला. हप्ता हा सावकाराच्या आणि विम्याच्या व्यवहारातला शब्द पोलिसाच्या आणि दादाच्या व्यवहारात आला. लग्नाच्या बोलावण्याची, तमाशाच्या फडाला ठरवण्याची सुपारी माणूस मारण्यासाठी दिली जाऊ लागली. शब्दांचे असे अर्थांतर समाजाच्या पोटात काही उलथल्याशिवाय होत नाही. ज्या समीक्षेने भाषेच्या देशीपणावर इतके लिहिले, तिने निदान या दोन शब्दांपाशी तरी थांबावयास हवे होते.

आता पहिला आक्षेप : रंजनाचा. मराठी रहस्यकथा म्हटली की बाबुराव अर्नाळकरांचे नाव येते आणि त्याबरोबर हजाराहून अधिक पुस्तकांच्या विक्रमाचा कौतुकमिश्रित उल्लेख. एवढे झाले की विषय संपतो. झुंझार आणि काळापहाड यांच्या कथांत दुष्टपणा कोठे वसतो, हा प्रश्न विचारला जात नाही. तो विचारला तर उत्तर स्पष्ट आहे : तेथे दुष्टपणा व्यक्तीत वसतो. खलपुरुष पकडला की शहर पूर्ववत होते. कायदा संथ असेल, कधी बावळट असेल. पण तो विकलेला नसतो. हे इंग्रजी सभ्य चोराच्या परंपरेचे मराठी रूप आहे. हॅमेटचे जग याच्या नेमके उलटे आहे. तेथे कोणी एक दुष्ट नाही. नगरच सडलेले आहे. दोन्ही ‘रहस्यकथा’ म्हणून एका फडताळात ठेवणे म्हणजे कीर्तन आणि लावणी यांना दोन्हींत टाळ्या मिळतात म्हणून एक मानणे होय.

नगर सडले कसे, याचे हॅमेटने दिलेले उत्तर या सबंध कथाबंधाची किल्ली आहे. खाणीच्या मालकाने कामगारांचा संप मोडण्यासाठी गुंड आणले. संप मोडला, पण गुंड गेले नाहीत, त्यांनी नगर वाटून घेतले. टोळीयुद्ध हे तेथे मूळ दुखणे नसून एका जुन्या औद्योगिक लढ्याचा उरलेला विकार आहे. निवेदक टोळ्या संपवतो, आणि अखेरीस लष्करी बंदोबस्तात ते नगर त्याच म्हाताऱ्या मालकाच्या हाती परत जाते. शेवटी उभा राहिलेला माणूस बंदूकधारी नव्हे, मालक असतो. कुरोसावानेही हे जाणले होते. त्याच्या गावातील एका टोळीमागे रेशमाचा व्यापारी आहे, दुसरीमागे मद्याचा. हिलच्या चित्रपटात मात्र इटालियन आणि आयरिश दारूतस्कर उरतात आणि त्यांच्या मागचा धनी गळून पडतो. मग हाती राहते ती केवळ पिस्तुलांची आतषबाजी. या प्रकारच्या कलाकृतींचा कस लावण्याची कसोटी म्हणूनच त्यांच्या अंगातून मिळते : धनी दिसतो की नाही? ‘रंजन’ आणि ‘गांभीर्य’ या ढोबळ कप्प्यांपेक्षा ही कसोटी अधिक नेमकी आहे.

या कसोटीवर मुंबईचा अनुभव काय सांगतो? मनोहर अर्जुन सुर्वे हा मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, मुंबईत कीर्ती महाविद्यालयात शिकलेला पदवीधर. खुनाच्या गुन्ह्यात त्याला जन्मठेप झाली आणि १९७९ मध्ये तो कैदेतून निसटला. फेब्रुवारी १९८१ मध्ये दाऊद इब्राहिमचा भाऊ साबीर मारला गेला. पठाण टोळीने त्या कामी सुर्व्याची मदत घेतल्याचे सर्व वृत्तांत सांगतात. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात आंबेडकर महाविद्यालयाजवळ तो पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतील पहिली ‘चकमक’ म्हणून ही घटना सांगितली जाते. दारूबंदी तोवर सैल झाली होती, पण तिने लावलेली हप्त्याची आणि अड्ड्याची घडी कायम होती. त्या घडीत हा माणूस आला. हॅमेटचा नायक दोन टोळ्यांना खेळवतो. सुर्वे स्वतःची टोळी बांधूनही दोन टोळ्यांच्या वैरात वापरला गेला, आणि त्याचा शेवट शासनाने केला. आयात केलेला कथाबंध इथल्या वास्तवाने असा उलटा करून ठेवला होता. फक्त तो लिहायचा होता.

याहून अर्थपूर्ण तपशील दुसराच आहे. हा माणूस जेम्स हॅडली चेजच्या कादंबऱ्यांचा वाचक होता आणि एका दरोड्याची कल्पना त्याने तेथून घेतली, असे त्याच्याविषयीच्या वृत्तांतांत सांगितले आहे. चेज हा इंग्रज. अमेरिकेची फारशी ओळख नसताना नकाशे आणि बोलभाषेचे कोश समोर ठेवून त्याने अमेरिकी टोळ्यांच्या कथा रचल्या. म्हणजे एका इंग्रजाने कल्पिलेली अमेरिका एका कोकणी तरुणाने मुंबईत वाचली. चेजच्या पहिल्या कादंबरीवर जॉर्ज ऑरवेल याने १९४४ मध्येच निबंध लिहून, सभ्य चोराच्या कथेकडून सत्तापूजेच्या कथेकडे झालेला अभिरुचीचा प्रवास तपासला होता. रंजनपर वाङ्मय म्हणून त्याला त्याकडे पाठ फिरवावीशी वाटली नाही. मराठीत ‘वाचकाचा प्रतिसाद’ या विषयावर चर्चासत्रे झाली. पण मराठीच्या पदवीधर पिढीतला एक वाचक वाचून काय करतो, हा प्रश्न त्या व्यासपीठावर चढू शकला नाही.

नावाचीही गोष्ट पाहण्यासारखी आहे. हॅमेटच्या नायकाला नाव नाही. कुरोसावाचा सामुराई खिडकीबाहेरचे तुतीचे शेत पाहून नाव जोडून घेतो. हिलचा नायक ‘स्मिथ’ म्हणवतो, जे नाव असून नसल्यासारखे आहे. आणि इकडे? ‘मन्या’. आईने हाक मारावी, चाळीतल्या सवंगड्यांनी ओरडावे, तेच नाव पोलिसांच्या दप्तरात गेले. मराठी बंदूकधाऱ्याला निनावी होता येत नाही; त्याच्यामागे खोली असते, गाव असते, गणपतीला न गेल्याची टोचणी असते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाचे मोल येथे आहे. संपाने उद्ध्वस्त झालेल्या गिरणीकामगाराच्या घरातला एक मुलगा टोळीत जातो, आणि ते सारे आपल्याला आईच्या खोलीतून दिसते. या नाटकाची वाहवा झाली ती कामगारजीवनाचे दर्शन म्हणून. ते टोळीयुद्धाच्या कथेला दिलेले मराठी उत्तर आहे, असे वाचन झाले नाही. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेचा बोलबाला ‘अर्धसत्य’ (१९८३) हा हिंदी चित्रपट झाल्यावर वाढला, हेही याच दुर्लक्षाचे लक्षण. आणि सुर्व्याची कथा २०१३ मध्ये हिंदी पडद्यावर गेली ती नायकाच्या रुबाबासह, धनी वगळून.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही : गुन्हेगाराला वाङ्मयात आणणे म्हणजे त्याचे उदात्तीकरण नव्हे काय? भीती खरी आहे. ज्याने माणसे मारली, लुटली, त्याला बंडखोर ठरवणे हा बळी गेलेल्यांचा अपमान आहे. परंतु उदात्तीकरण कोठे होते, ते पाहावे. जेथे बंदूकधारी एकटा दिसतो तेथे ते होते; त्याच्यामागचे हात दिसू लागले की रुबाब उतरतो. विचार नाकारणाऱ्या समीक्षेने हा विषय शुद्ध राखलेला नाही. तो रुबाबाच्या व्यापाऱ्यांना मोकळा सोडला आहे.

सुर्वे मेला त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. या दोन तारखांत कार्यकारणसंबंध नाही. पण पुढे काय झाले? संप बुडाला, गिरण्यांच्या जमिनी सोन्याच्या झाल्या, बेकार पोरे टोळ्यांच्या दाराशी उभी राहिली, आणि १९९४ मध्ये जमिनीच्या विक्रीचा वाद पेटलेला असताना गिरणीमालक सुनीत खटाव भररस्त्यात मारले गेले. मालक, संप, टोळी, शहर ही हॅमेटची चारही पात्रे गिरणगावात हजर होती. आज तेथे मनोरे आहेत. शेवटी कोण उभे राहिले, ते पाहण्यासाठी मान वर करावी लागते.

पालीच्या तिठ्यावरून मुंबईकडे गेलेल्यांपैकी बहुतेकांनी पिस्तूल पाहिलेही नाही. त्यांनी साचे चालवले आणि मनीऑर्डरी पाठवल्या. त्यांच्यातला एखादा बंदुकीपर्यंत का पोहोचला आणि बाकीचे का पोहोचले नाहीत, हा कादंबरीचा विषय आहे. तो लिहिला गेला तर त्याला ‘रहस्यकथा’ म्हणून ओसरीवरच बसवायचे की माजघरात घ्यायचे, हे मराठी समीक्षेला तेव्हा ठरवावे लागेल. त्याआधी तिने सोवळे उतरवलेले बरे.