तळ नसलेला समुद्र

नाशिककराच्या मनातला समुद्र बहुधा पुस्तकातून आलेला असतो. खुद्द गोदावरीही अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरवर उगम पावून त्याच्याकडे पाठ फिरवते. तरीही मराठीच्या दोन सुपरिचित समुद्रकविता याच जिल्ह्याशी निगडित आहेत : भगूरच्या सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेली, आणि कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तील (१९४२) 'कोलंबसाचे गर्वगीत'. एकीत समुद्र मायभूमीपासून दुरावणारा, दुसरीत आव्हान देणारा. दोन्हींत त्याला पृष्ठभाग आहे, तळ नाही. कवितेकडे तळाची मागणी करणे अन्यायाचे होईल. गद्याकडे मात्र ती करायलाच हवी.

कारण तळाचे काम आपल्या शेजारीच चालते. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ हिंदी महासागराचा तळ मोजतात. जहाजाखालून ध्वनीचा पंखा पसरायचा आणि प्रतिध्वनी परतण्याची वाट पाहायची. चार किलोमीटर खोलीवरून तो यायला सुमारे पाच सेकंद लागतात. अशा मोजणीतून उमगलेल्या समुद्राखालील तीन पर्वतरूपांना 'अशोक', 'चंद्रगुप्त' आणि 'कल्पतरू' ही नावे मिळाली. २०२४ साली त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यताही लाभली. नावे आपल्या परंपरेतली खरी. पण त्या पर्वतांचे वर्णन करणारे मराठी पान कुठे आहे?

आर्क्टिकचे उदाहरण येथे बोलके आहे. १८९३ ते ९६ या काळात 'फ्राम' जहाजातून बर्फाबरोबर वाहत जाताना नान्सेनची खोली मोजण्याची दोरी अपुरी पडली. त्याने जहाजावरचा पोलादी दोर उकलून नवी दोरी वळवली आणि तो समुद्र उथळ असल्याचा समज मोडला. ही हकीकत त्याने सामान्य वाचकासाठी लिहिली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली. त्याच समुद्राच्या तळाशी १९४८ साली सापडलेल्या पर्वतरांगेला लोमोनोसोव्हचे नाव आहे. हा शास्त्रज्ञ कवी होता, आणि रशियन भाषेचा व्याकरणकारही.

आपल्याकडे शब्द नाहीत, ही सबब टिकणारी नाही. खोली 'वावां'त मोजणारे, उधाण-भांगाचा हिशेब ठेवणारे कोळी-खारवी मराठीच बोलतात. परिभाषा कोशही आहेत. उणीव आहे ती या दोन शब्दसंपत्ती एका वाक्यात आणणाऱ्या लेखकाची. ललित गद्य म्हणजे आठवणी आणि पाऊस, हा संकेत आपण अभ्यासक्रमांतून पक्का केला. शास्त्रीय लेखनाला 'माहितीपर' म्हणून बाहेर बसवले. त्याची शिक्षा भाषेलाच झाली.

जगातील सागरतळाचा जेमतेम चतुर्थांश भाग आधुनिक पद्धतीने मोजला गेला आहे. उरलेला मोजला जाईलच. प्रश्न तो कोणत्या भाषांत सांगितला जाईल, हा आहे. कोलंबसाचे गीत शिकवताना विद्यार्थ्याने 'या समुद्राची खोली किती?' असे विचारले, तर त्याला विषयांतर समजून गप्प करू नये. तो साहित्याचाच प्रश्न आहे.